जॉन मोझेस ब्राउनिंग : पिस्तुलाचे माप ठरविणारा कारागीर

पिस्तुलाची चर्चा निघाली की कारखान्याचे नाव घेतले जाते, वापरणाऱ्याचे नाव घेतले जाते; काडतुसाचे माप ठरविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोणाला आठवते. .२५, .३२, .३८० आणि .४५ या आकड्यांनी ओळखली जाणारी पिस्तुलाची काडतुसे शतकाहून अधिक काळ जगभर प्रचलित आहेत. या चारही मापांमागे एकच व्यक्ती आहे. ती म्हणजे अमेरिकेतील ऑग्डेन गावचे बंदूक कारागीर जॉन मोझेस ब्राउनिंग. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहापासून दिल्लीच्या बिर्ला भवनापर्यंत भारताच्या इतिहासातील काही निर्णायक क्षणांशीही त्यांच्या कामाचा संबंध आला. ब्राउनिंग यांना स्वतःला यांपैकी एकाही घटनेशी कर्तव्य नव्हते.

वडिलांच्या दुकानातील शिक्षण

ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी युटा प्रांतातील ऑग्डेन येथे झाला. त्यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका बनविणारे व दुरुस्त करणारे कारागीर होते. मॉर्मन पंथाच्या स्थलांतरितांबरोबर ते १८५२ मध्ये या गावात येऊन स्थायिक झाले होते. घरात २२ भावंडे होती आणि कमाईचे साधन म्हणजे हे दुकान. जॉन यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. खरे शिक्षण मिळाले ते दुकानातील मोडक्या बंदुकांच्या ढिगाऱ्यातून. कोणता भाग कशामुळे तुटतो, कोणता अडकतो आणि कोणता वर्षानुवर्षे टिकतो, हे त्यांनी लहानपणीच हाताने ओळखले. भंगारातील नळी आणि लाकडाचा तुकडा जोडून त्यांनी पहिली बंदूक बनविली ती बालवयातच.

१८७९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्यांचा रेचल तेरेसा चाइल्ड यांच्याशी विवाह झाला, वडिलांचे निधन झाले आणि ऑक्टोबर महिन्यात एकबारी रायफलीचे पहिले पेटंट त्यांना मिळाले. धाकट्या भावंडांना हाताशी धरून त्यांनी गावातच या रायफली बनविण्यास सुरुवात केली. त्यांतील एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या पाहण्यात आली. १८८३ मध्ये कंपनीचे अधिकारी टी. जी. बेनेट स्वतः ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर मोजून त्यांनी या रचनेचे हक्क विकत घेतले. पुढील सुमारे १९ वर्षे विंचेस्टर कंपनी ब्राउनिंग यांच्या रचना विकत घेत राहिली. कंपनीच्या १८८६, १८९२ आणि १८९४ या वर्षांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या रायफली त्यांच्याच आहेत.

वाया जाणारा वायू कामाला लागला

१८८९ च्या सुमारास नेमबाजीच्या वेळी ब्राउनिंग यांच्या एक गोष्ट लक्षात आली. गोळी सुटल्यावर नळीच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत आडवे होत होते. दारूच्या स्फोटातील एवढी शक्ती वाया जात असेल, तर तिच्याकडूनच पुढची गोळी भरून घेता येईल, असा विचार त्यांनी केला. या निरीक्षणातून वायूच्या दाबावर चालणारी त्यांची मशीनगन तयार झाली. कोल्ट कंपनीने ती १८९५ मध्ये बाजारात आणली.

मशीनगननंतर ते पिस्तुलाकडे वळले. येथे प्रश्न वेगळा होता. पिस्तूल खिशात मावले पाहिजे, एका हाताने चालले पाहिजे आणि प्रत्येक गोळीनंतर आपोआप पुन्हा भरले गेले पाहिजे. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या, तर पहिला निर्णय काडतुसाचा घ्यावा लागतो.

माप आधी, पिस्तूल नंतर

काडतुसाचे माप म्हणजे केवळ गोळीचा व्यास नव्हे. गोळीचे वजन, दारूचे प्रमाण आणि त्यातून निर्माण होणारा दाब हे सारे त्यात येते. काडतूस सौम्य असेल, तर केवळ स्लाईडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण स्फोटाचा धक्का सहन करू शकतो. अशा पिस्तुलाची रचना सोपी, भाग कमी आणि आकार लहान राहतो. काडतूस जोरकस असेल, तर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाईड एकमेकांत अडकवून ठेवावी लागतात. त्यामुळे पिस्तूल मोठे, जड आणि घडविण्यास अवघड होते.

ब्राउनिंग यांनी दोन्ही मार्ग हाताळले. १८९७ मध्ये बेल्जियममधील एफएन या शस्त्रनिर्मात्या कंपनीचे प्रतिनिधी हार्ट बर्ग अमेरिकेत आले असता त्यांनी ब्राउनिंग यांचे लहान पिस्तूल पाहिले. या पिस्तुलासाठी तयार केलेले सौम्य काडतूस म्हणजे ७.६५ मिलिमीटर, अर्थात .३२ बोअर. त्याच्या गोळीचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास असते. अमेरिकेतील कोल्ट कंपनीला मात्र त्यांनी अधिक जोरकस .३८ काडतुसाचे आणि अडकणाऱ्या नळीचे पिस्तूल दिले. दोन्ही पिस्तुले १९०० च्या सुमारास बाजारात आली. लहान पिस्तुलाने युरोप जिंकला, तर मोठ्यातील नळीची रचना पुढील पिढ्यांच्या पिस्तुलांचा पाया ठरली.

१९०२ मध्ये विंचेस्टरशी त्यांचे संबंध तुटले. आपल्या स्वयंचलित शॉटगनसाठी त्यांनी एकरकमी किमतीऐवजी प्रत्येक नगामागे मानधन मागितले. कंपनीने ते नाकारले. त्यानंतर ते रेमिंग्टन कंपनीच्या कार्यालयात गेले. तेथे भेटीची वाट पाहत असतानाच कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे निधन झाल्याची वार्ता त्यांना समजली. अखेर ब्राउनिंग बेल्जियमला गेले आणि एफएन कंपनीशी त्यांचे नाते आयुष्यभर टिकले. कोटाच्या आतल्या खिशासाठी .२५ आणि खिशातील पिस्तुलाला थोडे अधिक बळ देण्यासाठी .३८० ही मापे पुढील काही वर्षांत आली. फ्रेंच भाषेत पिस्तुलासाठी त्यांचे आडनावच सामान्यनाम म्हणून रूढ झाले.

.४५ ची कसोटी

फिलिपाइन्समधील मोरो बंडाच्या काळात अमेरिकी सैन्याला आपले .३८ रिव्हॉल्व्हर अपुरे वाटू लागले होते. १९०४ मध्ये जॉन थॉम्पसन आणि लुई लागार्ड या अधिकाऱ्यांच्या चाचण्यांनंतर सैन्याने .४५ पेक्षा कमी माप नको, असा आग्रह धरला. ब्राउनिंग यांनी त्यासाठी आखूड, जाड आणि जड गोळीचे काडतूस तयार केले. तिचे वजन पुढे सुमारे १५ ग्रॅम ठरले; .३२ च्या गोळीच्या तिपटीहून अधिक. मार्च १९११ मधील अंतिम चाचणीत त्यांच्या पिस्तुलाने ६,००० फैरी एकही बिघाड न होता पूर्ण केल्या. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ते सैन्याने स्वीकारले. हे पिस्तूल सात दशकांहून अधिक काळ अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले.

या काडतुसाचा आणखी एक गुण पुढे उपयोगी पडला. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. .४५ ची जड गोळी सुमारे २५५ मीटर वेगाने जाते. जर्मनीत गेऑर्ग लुगर यांनी १९०२ मध्ये आणलेल्या ९ मिलिमीटर काडतुसाची हलकी गोळी मात्र साधारणपणे ध्वनीच्या वेगाला मागे टाकते आणि हवेत कडकडाट उमटवते.

हिरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये सायलेन्सरचे पेटंट घेतले. ब्राउनिंग यांनी नळीतील ज्या वायूला कामाला लावले, त्याच वायूला शांत करण्याचे काम मॅक्सिम यांच्या साधनाने केले. परंतु नळीबाहेर धावणाऱ्या गोळीच्या कडकडाटावर या साधनाचा इलाज चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडो पथकांसाठी विल्यम डी लाईल यांनी अत्यंत कमी आवाजाची आखूड कार्बाइन तयार केली, तेव्हा ९ मिलिमीटर काडतुसाचा विचार मागे पडून .४५ ची निवड झाली. मंद आणि जड गोळी हेच तिचे कारण होते. या कार्बाइनला काडतुसांची पेटीही ब्राउनिंग यांच्या १९११ च्या पिस्तुलाचीच होती. कमी आवाजाचा विचारही मनात नसताना निवडलेले माप तीस-पस्तीस वर्षांनी त्याच कामासाठी सर्वात योग्य ठरले.

नाशिक, लाहोर, दिल्ली

सौम्य काडतुसामुळे पिस्तूल लहान झाले आणि लहान पिस्तूल लपविणे सोपे झाले. याचा परिणाम भारतातही दिसला. १९०९ च्या प्रारंभी लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायक दामोदर सावरकर यांनी २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर मुंबईला पाठविली. पेटीच्या चोरकप्प्यात दडवून ती आणण्यात आली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेले जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आली. या पिस्तुलांचा धागा पकडूनच सावरकरांवर खटला चालला आणि त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे सॉंडर्स या पोलीस अधिकाऱ्याचा वध झाला. त्यात भगतसिंग यांच्याबरोबर पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू होते. भगतसिंग यांचे पिस्तूल .३२ बोअरचे कोल्ट होते. या पिस्तुलाची रचनाही ब्राउनिंग यांची आणि काडतूसही त्यांचेच. युरोपात, १९१४ मध्ये सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या .३८० बोअरच्या ब्राउनिंग पिस्तुलाने झाली आणि पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींवर गोळ्या झाडणारे पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचे होते. त्याचे काडतूस मात्र हेच.३८० होते.

मापाला पक्ष नसतो. हुतात्म्याच्या हाती आणि मारेकऱ्याच्या हाती ते सारखेच काम करते. ब्राउनिंग यांच्या कर्तृत्वाची नोंद घेताना ही बाजू दृष्टीआड करता येत नाही.

अखेरची वर्षे

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा ब्राउनिंग यांनी आपल्या मशीनगन, स्वयंचलित रायफल आणि पिस्तुलाच्या युद्धकालीन हक्कांसाठी साडेसात लाख डॉलरची ठराविक रक्कम स्वीकारली. नगामागे मानधन घेतले असते तर याच्या कितीतरी पट उत्पन्न झाले असते. त्यांचे चिरंजीव व्हॅल हे फ्रान्सच्या आघाडीवर वडिलांचीच रायफल घेऊन लढले.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्ये लिएजजवळील एफएनच्या कारखान्यात काम करीत असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर १२८ पेटंट होती. टेबलावर अपुरे राहिलेले काम होते ते ९ मिलिमीटरच्या नव्या पिस्तुलाचे. डियूदोने सेव्ह यांनी ते पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ते हाय पॉवर नावाने बाजारात आले. लुगर यांचे जोरकस काडतूस, ब्राउनिंग यांची अडकणारी नळी आणि पेटीत १३ गोळ्या असा हा मेळ होता.

भारतातील वारसा

याच पिस्तुलाची भारतीय आवृत्ती पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल फॅक्टरीत तयार झाली आणि ९ मिलिमीटर १-ए या नावाने भारतीय सैन्याच्या हाती आली. पुण्याच्या आयुध संशोधन व विकास संस्थेने सैन्याच्या महू येथील इन्फंट्री स्कूलच्या सहकार्याने घडविलेले आणि जानेवारी २०२१ मध्ये सादर झालेले 'अस्मि' मशीन पिस्तूलही ९ मिलिमीटरचेच आहे.

नागरिकांसाठी मात्र माप कारागीर नव्हे, तर कायदा ठरवितो. ९ मिलिमीटर हे भारतात प्रतिबंधित बोअर आहे. सायलेन्सरही प्रतिबंधित साधनांत मोडतो. परवानाधारकाला घेता येते ते प्रामुख्याने .३२ बोअर. ईशापूरच्या कारखान्यातील 'अशनी' पिस्तूल याच मापाचे आहे. ऑग्डेनच्या कारागिराने खिशात मावेल असे पिस्तूल घडविण्यासाठी आखलेले हे माप सव्वाशे वर्षांनंतरही भारतातील परवान्यावर लिहिले जाते. त्या काळची पिस्तुले बहुतांशी संग्रहालयांत गेली. त्यांच्यासाठी ठरलेली मापे मात्र अजून वापरात आहेत.