छिद्रांनीं चालणारा माग : जोसेफ मारी झाकार

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं सोलापुरी चादर असेल. तिच्यावरील नक्षी छापलेली नसते. ती विणतांनाच कापडांत उतरलेली असते. ज्या साधनामुळें ती उतरते त्यास मागवाले लोक जॅकार्ड म्हणतात. हें एका मनुष्याचें आडनांव आहे ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. तो मनुष्य फ्रान्स देशांतील लिऑन शहरचा. त्याचें नांव जोसेफ मारी झाकार. जॅकार्ड हा त्याच आडनांवाचा इंग्रजी वळणाचा उच्चार होय.

झाकार याचा जन्म ता. ७ जुलै १७५२ रोजीं झाला. लिऑन हें त्या काळीं रेशमी वस्त्रांचें माहेरघर होतें, आणि त्याचा बाप तेथें नक्षीचें कापड विणणारा मुख्य कारागीर होता. मुलगा दहा वर्षांचा असतांना आई वारली. तेराव्या वर्षापर्यंत त्यास अक्षरओळख नव्हती. पुढें त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानें, जो छापण्याचा व पुस्तकें विकण्याचा धंदा करीत असे, त्यास लिहावयास वाचावयास शिकविलें. आपल्या शाळेंतील सातवीच्या वर्गांतला एखादा मुलगा प्रथमच मुळाक्षरें गिरवूं लागला आहे अशी कल्पना करा, म्हणजे त्याची स्थिति ध्यानांत येईल.

इ. स. १७७२ मध्यें बाप निवर्तला. मुलाच्या वांट्यास घर, माग, द्राक्षाचा मळा व दगडाची खाण इतकी मिळकत आली. सहा वर्षांनंतर त्यानें क्लोदीन बोआशों नांवाच्या एका विधवेशीं लग्न केलें. तिचीही थोडीबहुत मालमत्ता होती. थोड्याच वर्षांत ही सर्व मिळकत कर्जापायीं गेली. झाकार व्यवहारांत कच्चा होता, हें झांकून ठेवण्यांत कांहीं अर्थ नाहीं. थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना त्यांचे असले दोष गाळण्याची चाल आहे, ती मला पसंत नाहीं.

इतक्यांत राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९३ सालीं लिऑन शहरानें पॅरिसच्या सरकाराविरुद्ध शस्त्र उचललें, आणि सरकारी फौजेनें त्यास वेढा दिला. झाकार शहराच्या बाजूनें लढला. शहर पडल्यावर तेथें शेंकडों लोकांचे प्राण घेण्यांत आले. झाकार आपल्या एकुलत्या एका मुलास घेऊन निसटला व खोटीं नांवें सांगून ते दोघे सैन्यांत शिरले. ज्या सरकाराशीं काल लढला त्याच सरकाराचा शिपाई म्हणून आज उभें राहणें त्यास प्राप्त झालें. पुढें एका लढाईंत मुलास गोळी लागली व तो मरण पावला. बाप एकटाच लिऑनला परत आला. त्याचें वय त्या वेळीं पंचेचाळिशीच्या आसपास होतें. जवळ पैसा नव्हता, मुलगा नव्हता, आणि नांव व्हावें असें कांहींही त्याच्या हातून अद्याप झालेलें नव्हतें.

आतां त्याचें कार्य समजण्यासाठीं मागाकडे वळलें पाहिजे. कापडांत उभे धागे तो ताणा व आडवे धागे तो बाणा. साधें कापड विणतांना ताण्याचे एकाआड एक धागे वर उचलले जातात आणि मधून धोटा जातो. हें काम पावडीनें होतें. परंतु कापडांत फूल किंवा पक्षी काढावयाचा असेल, तर प्रत्येक वेळीं निरनिराळेच धागे वर उचलावे लागतात. शेंकडों धाग्यांपैकीं ह्या खेपेस कोणते आणि पुढच्या खेपेस कोणते, हा सगळा हिशेब आला. त्यासाठीं मागाशीं दोऱ्या बांधलेल्या असत व त्या ठरलेल्या क्रमानें ओढावयास एक वेगळा माणूस लागे. बहुधा तो माणूस म्हणजे एखादें पोर किंवा मुलगीच. दिवसाचे कित्येक तास अवघडून बसून वजनदार दोऱ्यांचे जुडगे ओढावयाचे, आणि एक जरी दोरी चुकली तरी नक्षी बिघडावयाची! त्या पोरांचीं हाडें वाढीच्या वयांतच वांकडीं होत. इतकें करूनही कापड दिवसाकाठीं बोटांवर मोजण्याइतके इंचच पुढें सरके.

हें काम यंत्राकडे सोंपवावें असा विचार झाकारच्या आधीं तिघांनीं केला होता. १७२५ सालीं बाझील बूशों यानें कागदाच्या लांब पट्टीस छिद्रें पाडून तिच्याकडून दोऱ्यांची निवड करविली. तीन वर्षांनीं फाल्कों यानें कागदी पट्टीऐवजीं जाड पुठ्ठ्याचे तुकडे एकमेकांस ओवून त्यांची माळ केली; पट्टी फाटली तर सगळीच वायां जाते, पुठ्ठा मात्र एकटा बदलतां येतो. दोघांच्याही मागांस मदतनीस लागेच. १७४५ च्या सुमारास व्होकान्सों ह्या प्रसिद्ध यंत्रकारानें मदतनिसावांचून चालणारा माग रचला. हा तोच व्होकान्सों, ज्यानें दाणे टिपणारें यांत्रिक बदक करून सर्व यूरोपास थक्क केलें होतें. परंतु त्याचा माग कोणी वापरला नाहीं, व शेवटीं तो पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयांत धूळ खात पडला.

झाकारनें १८०१ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत आपला सुधारलेला माग मांडला. त्याबद्दल त्यास कांस्यपदक मिळालें. पुढें त्यानें मासे धरण्याचीं जाळीं विणणारें यंत्र केलें. त्यामुळें त्यास पॅरिसला बोलावणें आलें व त्याच यंत्रसंग्रहालयांत काम मिळालें. तेथें व्होकान्सोंचा माग त्याच्या दृष्टीस पडला. फाल्कोंची पुठ्ठ्यांची माळ आणि व्होकान्सोंची स्वयंचलित रचना ह्यांचा मेळ घालून त्यानें १८०४ च्या सुमारास आपलें यंत्र सिद्ध केलें. ह्यांत झाकारचें स्वतःचें तें काय, असा आक्षेप कोणी घेतात. माझें मत असें कीं, पूर्वीच्या तिघांचीं यंत्रें पाहण्यासारखीं होतीं, झाकारचें वापरण्यासारखें होतें. आणि हा फरक लहान नव्हे.

यंत्राची क्रिया अशी. मागाच्या माथ्यावर आंकड्यांची रांग असते. प्रत्येक आंकड्यास ताण्याचे धागे जोडलेले असतात. प्रत्येक आंकड्याला एक आडवी सुई असते. सुयांच्या टोंकांसमोर एक चौकोनी लाट फिरते व तिच्यावरून पुठ्ठ्यांची माळ सरकते. पुठ्ठा सुयांवर दाबला गेला म्हणजे जेथें छिद्र असेल तेथें सुई आंत शिरते आणि तिचा आंकडा आपल्या जागीं सरळ राहतो. जेथें छिद्र नसेल तेथें सुई मागें रेटली जाते व आंकडा कलतो. मग एक जाळी वर चढते व सरळ राहिलेले आंकडे तेवढे उचलून नेते. त्यांचे धागे वर होतात, धोटा जातो, लाट पाव वळण घेते आणि पुढचा पुठ्ठा समोर येतो. बाण्याच्या एकेका धाग्यास एकेक पुठ्ठा. नक्षी बदलावयाची तर माग मोडावा लागत नाहीं. एक माळ काढून दुसरी चढविली कीं झालें. शेवटचा पुठ्ठा पहिल्यास जोडला, तर तीच नक्षी पुनःपुन्हां उमटत राहते.

१८०५ च्या एप्रिल महिन्यांत बादशहा नेपोलियन लिऑनला आला असतां त्यानें हा माग पाहिला. त्याचे हक्क लिऑन शहरास देण्यांत आले आणि झाकारला सालीना ३००० फ्रँक तहहयात तनखा, शिवाय वापरांत येणाऱ्या प्रत्येक मागामागें ५० फ्रँक, असा करार झाला. विणकर मात्र खवळले. दोऱ्या ओढणाऱ्यांची रोजी एका झटक्यांत बुडणार होती, आणि जेथें दोन माणसें लागत तेथें एक पुरणार होतें. झाकारचा माग भर चौकांत फोडून जाळला, त्याच्या जिवावर लोक उठले, अशा कथा पुष्कळ पुस्तकांत आहेत. त्यांतील कांहीं मागाहून रंगविलेल्या असाव्यात. परंतु लोकांचा राग खरा होता, आणि तो निव्वळ अडाणीपणाचा होता असें मी म्हणणार नाहीं. पोरांची पाठ त्या कष्टांतून सुटली, पण त्याच घरांतील मिळकतही गेली. ह्या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रानें केल्या.

तथापि माग पसरत गेला. ब्रतों नांवाच्या कारागिरानें त्यांतील उणीवा दुरुस्त केल्यावर तर तो झपाट्यानें पसरला. १८१९ सालीं सरकारानें झाकारला सन्मानपदक दिलें. उतारवयांत तो लिऑनजवळील उलँ गांवीं जाऊन राहिला. १८३१ सालीं आणि पुन्हां १८३४ च्या एप्रिलांत लिऑनच्या विणकरांनीं मजुरीच्या दरावरून मोठे उठाव केले व ते सैन्यानें मोडले. त्या विणकरांपैकीं पुष्कळांच्या मागांवर झाकारचेंच यंत्र होतें. दुसऱ्या उठावानंतर चार महिन्यांनीं, ता. ७ ऑगस्ट १८३४ रोजीं, तो वारला. १८४० सालीं त्याच शहरानें त्याचा पुतळा उभारला.

१८३९ सालीं लिऑनच्या एका कारखान्यांत झाकारचें रेशमी चित्र विणण्यांत आलें. त्यास सुमारें २४,००० पुठ्ठे लागले, आणि तें इतकें बारीक होतें कीं पाहणारे त्यास छापलेलें चित्र समजत. त्याची एक प्रत लंडनमध्यें चार्ल्स बॅबेज ह्या गणितज्ञानें आपल्या घरीं लावली होती. बॅबेज एका मोठ्या गणनयंत्राची आंखणी करीत होता व त्यास आज्ञा देण्यासाठीं त्यानें झाकारचेच छिद्रांचे पुठ्ठे योजिले होते. तें यंत्र पुरें झालें नाहीं. परंतु छिद्र म्हणजे एक अर्थ आणि छिद्र नाहीं म्हणजे दुसरा, ही युक्ति मेली नाहीं. १८५८ सालीं व्हीट्स्टन यानें छिद्रांच्या कागदी फितीवरून तारा पाठविण्याचें यंत्र काढलें. बूशोंची कागदी पट्टी अशा रीतीनें पुन्हां कामास आली.

तीच फीत पुढें संगणकांपाशीं पोहोंचली. १८०५ च्या मागाचें नातें तिच्याशीं किती जवळचें आहे तें पहा. १९६५ सालीं अमेरिकेंत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या कंपनीनें पीडीपी-८ नांवाचा संगणक विक्रीस काढला. किंमत १८,००० डॉलर. त्या वेळच्या इतर संगणकांच्या मानानें तो इतका लहान व स्वस्त कीं त्याच्या जातीला मिनिकॉम्प्युटर हें नांव पडलें. त्याच्या स्मृतींत ४,०९६ शब्द मावत व प्रत्येक शब्दांत १२ खुणा असत. त्यास आज्ञावली द्यावयाची ती इंचभर रुंद कागदी फितीवरून. फितीच्या प्रत्येक आडव्या ओळींत आठ छिद्रांच्या जागा, आणि मध्यें फीत पुढें ओढण्यासाठीं बारीक छिद्रांची एक रांग.

परंतु फीत वाचावयाची कशी, हेंच मुळीं रिकाम्या यंत्रास ठाऊक नसे! म्हणून चालकानें पुढच्या फळीवरील बारा खटक्यांची रांग वरखालीं करून सुमारें सोळा-सतरा शब्द हातानें भरावयाचे. तेवढ्या शिदोरीवर यंत्र एक छोटी फीत वाची. त्या फितींत फीत वाचण्याची अधिक चांगली रीत असे. आणि मग तिच्या साह्यानें मुख्य आज्ञावलीची फीत आंत जाई. टंकयंत्राला जोडलेला वाचक सेकंदास दहा ओळी वाची. एका शब्दास दोन ओळी लागत, म्हणजे सगळी स्मृति भरावयास सुमारें चौदा मिनिटें. शेवटीं बेरजेचा ताळा पाहिला जाई. दिव्यांच्या रांगेंत शून्य दिसलें तर फीत नीट वाचली गेली, एरव्हीं पुनः पहिल्यापासून. मग खटक्यांवर आरंभाची जागा मांडून कळ दाबली कीं काम सुरू. एखादी आज्ञावली बहकून वाचनाची रीतच पुसून टाकी, तेव्हां चालकास परत त्या खटक्यांकडे वळावें लागे.

पुढें तबकड्या आल्या व फीत मागें पडली. आतां गिरण्यांतील पुष्कळ मागांवर पुठ्ठ्यांची माळही उरली नाहीं. नक्षी संगणकावर काढतात आणि तोच आंकड्यांस आज्ञा देतो. तथापि हातमागांच्या कांहीं घरांत अद्याप छताजवळ पुठ्ठ्यांच्या माळा लोंबत असतात, आणि धोट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर एकेक पुठ्ठा खट् आवाज करीत पुढें सरकतो.