कलामहर्षी बाबूराव पेंटर

शाळेतील विद्यार्थ्याची चूक गुरुजी दाखवितात व ती कशी सुधारावी हेही तेच सांगतात. परंतु जी कला शिकविणारा गुरूच आसपास कोठे नाही, अशा कलेत जो हात घालतो त्याला त्याची चूक कोणी दाखवावी? ती त्याची त्यालाच शोधावी लागते. आमच्या कोल्हापूर शहरात असा एक थोर कलावंत होऊन गेला. त्यांचे नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. परंतु साऱ्या महाराष्ट्राने त्यांना बाबूराव पेंटर याच नावाने ओळखले. त्यांच्या कीर्तीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्ही येथे, त्यांनी स्वतःच्या कामातील उणिवा कशा ओळखल्या, एवढेच वाचकांपुढे मांडू इच्छितो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. कारागिरी घरातच होती. चित्रकला व शिल्पकला त्यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता, पाहून व करून आत्मसात केल्या. त्यांचे आप्त व ज्येष्ठ सहकारी आनंदराव पेंटर यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. सुमारे १९१० ते १९१६ या काळात या जोडीच्या पडद्यांना पश्चिम महाराष्ट्रात मोठा मान होता. राजवाडा, अरण्य, रस्ता, जे हवे ते ही दोघे कापडावर उभे करीत.

पुढे १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आला, आणि या दोघांच्या मनाने नवी ओढ घेतली. प्रथम त्यांनी इतरांचे चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला. परंतु चित्रपट आपणच काढावा, व त्यासाठी लागणारा कॅमेराही आपणच तयार करावा, हा ध्यास काही सुटेना. हे काम किती अवघड, हे आमच्या बाल वाचकांनी ध्यानात घ्यावे. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी भिंगामागे क्षणमात्र स्थिर राहावी लागते. तेवढ्यात झडप उघडून मिटावी लागते. आणि लगेच पट्टी बरोबर एक चौकट पुढे सरकावी लागते. हा खेळ मूकपटाच्या काळी एका सेकंदात सोळाच्या आसपास वेळा होत असे. एखादा दाता केसभर चुकला तरी चित्र थरथरते किंवा फिल्म फाटते. असे यंत्र पहिल्या प्रयत्नात साधत नसते. ते साधण्यापूर्वीच, १९१६ साली, आनंदरावांचा मृत्यू झाला. जोडीदार गेला, यंत्र अपुरे राहिले. येथे काम सोडून देणे सोपे होते आणि त्याबद्दल कोणी दोषही दिला नसता. परंतु बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी घेऊन ते काम पुढे नेले, आणि १९१८ साली चालणारा कॅमेरा सिद्ध केला.

त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. लोकमान्य टिळकांनी त्यांना सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले. त्या चित्रपटातील कीचकवध इतका खराखुरा वठला होता की तो पाहून काही प्रेक्षक भयाने मूर्च्छित झाले असे सांगतात, व पुढे ते दृश्य काढून टाकावे लागले. ज्या युक्तीच्या यशाने कलावंताला आनंद होतो, तीच कधी प्रेक्षकाला असह्य होते, हा धडा पहिल्याच कृतीने त्यांच्या पदरात टाकला.

आमच्या मते बाबूरावांची खरी परीक्षा पडद्यांच्या बाबतीत झाली. त्या काळी चित्रपटातही पात्रांच्या मागे रंगविलेले पडदेच सोडीत. रंगभूमीवर दुरून खरा भासणारा वाडा भिंगापुढे मात्र कापडासारखा सपाट दिसतो. वाऱ्याची झुळूक आली की डोंगरसुद्धा हलतो. हा दोष ज्यांनी ओळखला व दूर केला, ते स्वतः पडदे रंगविण्यातच नाव मिळविलेले होते! त्यांनी पडदे बाजूला सारून भरीव, माणसे वावरू शकतील असे देखावे उभारले. पुढे ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाची योजना केली. ज्या कौशल्यावर आपली कीर्ती उभी आहे, तेच नव्या कामात अपुरे पडते, हे कबूल करण्यास मोठे मन लागते.

तथापि प्रत्येक अपयश ही चूकच असते असे नाही. १९२५ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. देवादिकांच्या व राजेरजवाड्यांच्या कथांना सरावलेल्या प्रेक्षकांना ती रुचली नाही व चित्रपट चालला नाही. बाबूराव पुन्हा जुन्या धाटणीच्या कथांकडे वळले. पण ही कथा त्यांनी मनातून टाकली नाही. अकरा वर्षांनी, १९३६ साली, तीच त्यांनी बोलपट म्हणून पुन्हा काढली. आज जाणकार मूळ मूकपटाला भारतीय चित्रपटाच्या इतिहासात मानाचे स्थान देतात.

त्यांचे सर्वच निर्णय यशस्वी ठरले असे म्हणणे मात्र सत्याला सोडून होईल. बोलपटाने डोळ्यांची कला मागे पडेल असे त्यांना वाटे व त्याविषयी त्यांना फारसा उत्साह नव्हता. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले सहकारी बाहेर पडले व त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूराव आपल्या मूळच्या चित्रकलेकडे व शिल्पकलेकडे वळले. अधूनमधून चित्रपटही करीत राहिले. १९४७ सालचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा तर त्यांनी आपल्याच एकेकाळच्या शिष्याच्या, शांतारामांच्या, बोलावण्यावरून केला. शिष्याच्या घरी काम करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, चित्र बिघडले, निबंध फसला, तर दोन प्रश्न स्वतःस विचारावेत: यात खरोखर दोष आहे काय, की ते केवळ दुसऱ्यास आवडले नाही? दोष असेल तर, पडद्यांप्रमाणे, आपली आवडती रीतही सोडावी. दोष नसेल तर, ‘सावकारी पाश’प्रमाणे, ते जपून ठेवावे व अधिक तयारीने पुन्हा हाती घ्यावे. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलाने बिघडविलेला कागद रागाने फाडून टाकू नये. त्यावर तारीख घालून तो ठेवू द्यावा. वर्षाअखेर मुलाने तो स्वतःच पुन्हा पाहिला, म्हणजे पुष्कळसे शिकविण्याचे काम आपोआपच होईल.