मक्तेदार जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव निघताच पुण्यातील १८४८ सालची मुलींची शाळा आणि १८७३ सालचा सत्यशोधक समाज यांचे स्मरण होते, आणि ते यथोचितच होय. परंतु आपल्या माळी ज्ञातीत जन्मलेल्या या थोर पुरुषाचा चरितार्थ कशावर चाले, हे तरुण पिढीस क्वचितच ठाऊक असते. इतवारीतील आमच्या ज्ञातिकुटुंबांत आज कोणी घर बांधतो, कोणी ठेका घेतो. म्हणून त्यांच्या चरित्राचे हे अंग आम्ही मुद्दाम सादर करीत आहो.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराण्याच्या फुलांच्या व्यवसायावरून 'फुले' हे उपनाव पडले. लोककार्य करिताना कोणाचे मिंधे न राहता त्यांनी शेती केली, व्यापार केला आणि बांधकामाचे मक्ते घेतले. खडकवासल्याच्या धरणास दगड पुरविण्याचा मक्ता त्यांच्याकडे होता. १८८२ साली हंटर आयोगास निवेदन देताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशीच करून दिली.

या व्यवसायात त्यांस एक गोष्ट उघड दिसली. दगड फोडतो मजूर; पण त्याच्या घामाचे मोल ठरते हजेरीपटावर व मोजमापाच्या वहीत. तेथे ज्याची लेखणी चाले, त्याच्या हाती मजुराची मजुरी आणि मक्तेदाराचे बिल दोन्ही असत. ज्यास अक्षर वाचता येत नाही, त्यास आपली हजेरीही पडताळता येत नाही. इंजिनियर खात्यातील ब्राह्मण कर्मचाऱ्यांच्या डावपेचांवर जोतीरावांनी पोवाडा रचिला. ज्या खात्याकडून पैसे यावयाचे, त्याचेच दोष चव्हाट्यावर मांडणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय ओढवून घेणे होते. ते त्यांनी केले.

१८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेत ते पैसे देणाऱ्याच्या बाजूस बसले. तेथेही लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर सार्वजनिक पैसा खर्चण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला. जागा बदलली, न्याय बदलला नाही.

त्यांच्या हयातीत, १८७२ साली, झालेला कराराचा कायदा आजही लागू आहे. फुकट करण्याचा हेतू नसता कोणी रीतसर काम केले व दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो, असे त्याचे ७० वे कलम सांगते. पैसे देण्याची मुदत ठरली नसेल, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. वाद लवादाकडे नेण्याचे लेखी ठरले असेल, तर १९९६ चा लवाद कायदा लागतो.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. त्यांच्या तसबिरीस हार घालणाऱ्या ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती एवढीच: ठेका लेखी करावा, मोजमापावर उभयतांच्या सह्या घ्याव्यात, आणि बिल अडले तरी मजुराची मजुरी अडवू नये.