गोंदिया जिल्ह्याची अग्रणी बँक कोण ठरवतं? ही गोष्ट सुरू होते धनंजयराव गाडगीळांपासून

गोंदिया जिल्ह्यात धान लावायची वेळ आली की पीककर्जाची चर्चा सुरू होते. कुठल्या बँकेने किती कर्ज वाटलं, याचा हिशोब जिल्ह्याची अग्रणी बँक ठेवते. इथे ती जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे आहे. एका जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेवर टाकायची, ही कल्पना आली कुठून?

तिच्यामागे होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. जन्म 1901, नाशिक. बालपण नागपुरात, पुढचं शिक्षण केंब्रिजला. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचं त्यांचं पुस्तक 1924 मध्ये आलं, तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. 1930 मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि पुढची 36 वर्षं ते तिचे संचालक राहिले.

खरं काम इथे झालं. संगणक नव्हता, एक्सेल तर नव्हतंच. माणसं कागद-पेन्सिल घेऊन घरोघरी, शेतोशेती जायची. वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशोब मांडला, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमका किती फायदा झाला, हे शोधताना पाण्याखालच्या गावांची तुलना जिरायत गावांशी केली. आज ज्याला डेटा सायन्स म्हणतात, त्याचा गाभा हाच: ठिकाण बदललं की आकडे का बदलतात?

गाडगीळ कागदावरच थांबले नाहीत, हे विशेष. विठ्ठलराव विखे पाटलांसोबत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष तेच.

1967 मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत तेव्हा योजनेगणिक, वाटाघाटीने मिळायची. ज्याचं वजन जास्त, त्याच्या पदरात जास्त. 1969 मध्ये आलेल्या 'गाडगीळ सूत्रा'ने काही राज्यांचा विशेष वाटा बाजूला ठेवून बाकीच्या पैशाचं गणित ठरवलं: 60 टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प व राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी 10 टक्के. गरीब राज्यांच्या वाट्याला ठेवलेले 10 टक्के फारच कमी, ही टीका झाली आणि ती रास्त होती. 1980 मध्ये तो वाटा दुप्पट करावा लागला.

त्याच 1969 मध्ये त्यांच्या अभ्यासगटाने आणखी एक गोष्ट दाखवली. व्यापारी बँका शहरांत गर्दी करून होत्या, खेड्यांत जवळपास नव्हत्याच. शिफारस साधी होती: जिल्हा हे एकक धरा, तिथली गरज मोजा, मग आराखडा करा. त्यातूनच वर्षअखेरीस रिझर्व्ह बँकेची अग्रणी बँक योजना आली.

मे 1971 मध्ये गाडगीळ गेले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला, आणि मग त्याचा पतआराखडाही वेगळा निघू लागला.