चार्ल्स केटरिंग

चार्ल्स केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. त्यांचे डोळे अधू होते. वाचले की डोके दुखायचे. ते आधी शाळेत मास्तर होते. मग कॉलेजात गेले, पण डोळ्यांमुळे शिक्षण सोडावे लागले. तेव्हा त्यांनी टेलिफोनच्या खांबांसाठी खड्डे खणले. पण परत कॉलेजात गेले आणि १९०४ साली इंजिनिअर झाले.

त्या काळी मोटारीला पुढून हँडल मारावे लागे. त्यात मोठा धोका होता. तो मला माझ्या मामांनी गॅरेजमध्ये जुन्या जीपवर समजावून सांगितला. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा असते. पिस्टन वर येऊन ती दाबतो आणि प्लगच्या ठिणगीने ती पेटते. सगळी पेटायला जरासा वेळ लागतो, म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडी आधी ठिणगी पडावी लागते. यालाच टायमिंग म्हणतात. इंजिन जोरात फिरत असेल तर ठिणगी आणखी आधी लागते. पण हँडल मारताना इंजिन हळू फिरते. तेव्हा ठिणगी लवकर पडली तर पिस्टन उलटा ढकलला जातो आणि हँडल फटकन उलटे फिरते. माणसांची मनगटे मोडायची! म्हणून स्टेअरिंगजवळ टायमिंगची एक छोटी दांडी असे. ती मागे घेऊन मगच हँडल मारायचे. घाईत विसरला की हात गेलाच.

केटरिंग दिवसा नोकरी करत आणि रात्री डेटन गावात डीड्स नावाच्या मित्राच्या कोठारात खटपट करत. तिथे त्यांनी बॅटरीवर ठिणगी पाडायची चांगली पद्धत काढली. १९०९ साली दोघांनी डेल्को कंपनी काढली. ती पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाडीत बसली. मामांच्या जीपचे पॉइंट आणि कॉइल त्याच पद्धतीचे आहेत. नंतर त्यांनी विजेचा स्टार्टर केला. तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. मग हँडल मारायची गरजच राहिली नाही. मला हे त्यांचे सगळ्यात मोठे काम वाटते.

पुढे इंजिने खडखड वाजू लागली. लोक म्हणाले, केटरिंग यांच्या ठिणगीचाच दोष. पण दोष पेट्रोलचा निघाला. १९२१ साली त्यांच्या हाताखालच्या मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे औषध घातले आणि आवाज थांबला. पण शिसे विषारी असते. १९२४ साली ते औषध बनवणारे कामगार मेले. १९२५ साली विक्री थांबवली, तरी १९२६ साली पुन्हा सुरू केली. हे मला मुळीच आवडले नाही. आपल्या देशात तसले पेट्रोल २००० साली बंद झाले.

केटरिंग २५ नोव्हेंबर १९५८ रोजी वारले. आता नव्या गाड्यांचे टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो.

इयत्ता चौथी