अर्ध्या वाटेवरचे दुखणे

असोदा ते जळगाव हे अंतर ते काय, सायकलने अर्ध्या तासाचे! पण गतवर्षी सहामाही परीक्षेच्या तोंडावर मला कावीळ झाली आणि तेवढे अंतरही मला दीड महिना ओलांडता आले नाही. घरात भरताची वांगी भाजली जात आणि मी मात्र मूग-भाताच्या ताटासमोर बसलेली. यंदाचे वर्ष सोडून दे, जीव राहिला तर परीक्षा पुष्कळ होतील, असे आईचे म्हणणे. मला ते पटत नव्हते आणि उत्तरही सुचत नव्हते. त्या दिवसांत मैत्रिणीने ग्रंथालयातून आणून दिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मी अंथरुणावर वाचून काढले.

तोपर्यंत आनंदीबाई म्हणजे मला सामान्यज्ञानाच्या वहीतील एक ओळ होती. वक्तृत्वस्पर्धेत त्यांच्यावर मी स्वतः भाषण केले होते आणि जिद्दीपुढे दुखणेही हार मानते असा त्याचा शेवट केला होता. टाळ्याही मिळाल्या होत्या. आजारपणात वाचताना कळले की मी खोटे बोलले होते. दुखण्याने हार मानली नव्हती. त्या दुखण्याशी आनंदीबाईंनी पावलोपावली तडजोडी केल्या, आणि त्या तडजोडींची हकीकतच मला पदवीपेक्षा अधिक वाचनीय वाटली.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी या टपालखात्यातील नोकराशी झाले. ते वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, बिजवर, आणि स्वभावाने विक्षिप्त. पण बायकोला शिकवायचे या एका गोष्टीवर त्यांचा हट्ट अढळ होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही टोचणी त्यांच्या मनात राहिली. डॉक्टर होण्याचा विचार त्या दुःखातून आला.

गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिऑडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचले आणि एका अनोळखी हिंदू मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे दोघींचे नाते मावशी-भाचीचे झाले.

मूळ बेत पतिपत्नींनी मिळून परदेशी जाण्याचा होता. पण कलकत्त्यास असतानाच आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली, त्यांचाही गुण आला नाही. १८८३ मध्ये गोपाळरावांची बदली श्रीरामपूरला झाली आणि त्यांना बरोबर जाता येईना. तेव्हा तशाच प्रकृतीने आनंदीबाईंनी एकटीने जावे असे ठरले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण करून आपण का जात आहोत हे लोकांना सांगितले. परदेशगमन आणि तेही एकट्या विवाहित स्त्रीचे, म्हणून लोक खवळले होते. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा वर्षे.

उन्हाळा रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी बरा गेला. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. डॉ. रेचल बॉडले तेथील प्रमुख होत्या. खरी परीक्षा मात्र थंडीने घेतली. आनंदीबाई निघताना आहार, वेष व आचार यांत बदल करणार नाही असे ठरवून निघाल्या होत्या. शाकाहार त्यांनी पाळला. खोलीतील शेगडी पेटवावी तर धूर कोंडे आणि न पेटवावी तर थंडीने हातपाय गारठत. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसण्यास आरंभ केला. आज आपल्याला ही क्षुल्लक बाब वाटेल. पण त्यांच्या लुगड्याकडे सारा समाज डोळे लावून बसला होता आणि नवराही त्याबाबत पत्रातून जाब विचारू शकत होता. देहासाठी केलेला हा बदल सोपा नव्हता. तरीही वेष परकीय झाला नाही, साडीच राहिली.

दुखणे मात्र वाढतच गेले. तो क्षय होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई बोटीत चढण्यापूर्वी जेमतेम एक वर्ष, जगापुढे मांडला होता. शत्रू कोण ते कळले होते, पण त्याला मारणारे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४३ साल उजाडावे लागले. तोवर मोकळी हवा, पौष्टिक अन्न आणि विश्रांती एवढाच उपचार. हवा तिथली मानवत नव्हती, अन्न मनाजोगे मिळत नव्हते आणि अभ्यासामुळे विश्रांती नव्हती.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र असा होता. समारंभाला त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंची कथाही अशीच. त्याही वैद्यकी शिकण्यासाठीच १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या होत्या, पण वाढत्या बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला आणि त्यांनी अध्यापनाची वाट धरली. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. एकीने देहाच्या अडचणीमुळे विषयच बदलला, दुसरीने विषय धरून ठेवला. दोघींपैकी कोण शहाणी, हे मला ठरविता येत नाही.

पदवीनंतर अमेरिकेतच रुग्णालयात प्रत्यक्ष अनुभव घ्यावा असा आनंदीबाईंचा विचार होता. प्रकृतीने तो पुरा होऊ दिला नाही. त्याच सुमारास कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची जागा देऊ केली. आज ज्याला सी. पी. आर. म्हणतात तेच हे रुग्णालय. त्यांनी ती जागा स्वीकारली आणि १८८६ च्या अखेरीस गोपाळरावांसह त्या मायदेशी परतल्या. ज्यांनी शिव्याशाप दिले होते त्यांतीलही कित्येक आता कौतुक करू लागले. पण कोल्हापूरला जाणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला एक महिना उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत, त्या विसावल्या आहेत.

पुस्तक मिटल्यावर मी पुष्कळ वेळ पडून होते. त्यांनी १८८४ मध्येच परत यायला हवे होते का? एखादे वर्ष रोझेलला राहून प्रकृती सुधारायला हवी होती का? असे प्रश्न आपण आज अंथरुणावर पडून विचारू शकतो. त्यांना तसे थांबणे शक्य नव्हते. रिकाम्या हाताने परतणारी मुलगी पाहण्यासाठी लोक टपूनच बसले होते. ती परतली असती, तर पुढची पंचवीस वर्षे कोणाही बापाने मुलीला वैद्यकीसाठी पाठविण्याचे नाव काढले नसते. म्हणून वेष, संगत, अनुभवाचा काळ, परतण्याचा दिवस, सारे त्यांनी बदलले. परीक्षा तेवढी बदलली नाही. त्याची किंमत देहाने मोजली. ही किंमत त्यांच्याकडून ज्यांनी वसूल केली त्यांच्याविषयी माझ्या भाषणात एक अक्षरही नव्हते.

आनंदीबाई बोटीत चढल्या तेव्हा आमच्याच असोद्यात, महाजनांच्या घरी, बहिणाबाई नावाची अडीच वर्षांची मुलगी रांगत-धावत होती. तिला पुढे शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नाही. अशा गावांतील बायकांच्या बाळंतपणात डॉक्टरीण उभी राहावी, यासाठीच तर तो सारा खटाटोप होता.

मला कोणी टपून पाहत नव्हते. आई पायाशी होती, औषध होते, आणि सहामाही हुकली तरी वार्षिक परीक्षा होती. म्हणून मी आईचे अर्धे ऐकले. दीड महिना स्वस्थ पडून राहिले, स्नेहसंमेलनातील नाटक सोडले, आणि वार्षिक परीक्षेला बसले. गुण बेताचेच पडले. वक्तृत्वस्पर्धेत आता पुन्हा आनंदीबाईंवर बोलायचे झाले, तर भाषणाचा शेवट मला बदलावा लागेल.