जॉन काल्विन यांचें शेवटचें दुखणें

जॉन काल्विन यांचा जन्म १० जुलै १५०९ रोजीं फ्रान्स देशांतील न्वायों गांवीं झाला. त्यांचा धर्मशास्त्रावरील ग्रंथ, जिनीव्हा शहरांतील त्यांची सेवा, आणि १५५३ सालीं सर्व्हीटस यास जाळण्यांत आलें त्यांतील त्यांचा भाग, हें उपदेशकबंधूंस ठाऊकच आहे. आज त्यांच्या देहदुःखाविषयीं लिहितों. कारण पुष्कळ खेड्यांत असा समज आहे कीं, विश्वासी मनुष्यानें वेदना बोलून दाखविली तर त्याचा विश्वास उणा ठरतो.

काल्विन यांनीं ती लपविली नाहीं. १५६३ च्या उन्हाळ्यांत मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळें त्यांस घोड्याचे हिसके सोसवेनात, म्हणून डोलींत बसवून गांवाबाहेर नेलें. परततांना थोडें पायीं चालावें असें मनांत आलें, परंतु मैलभरहि जाववलें नाहीं, आणि लघवीवाटे रक्त पडलें. पुढें मोठा मुतखडा पडला, तेव्हां आंतील मार्ग फाटून रक्त थांबेना.

ता. ६ फेब्रुवारी १५६४ रोजीं त्यांनीं शेवटचा उपदेश केला. दोनच दिवसांनीं माँपेलिए येथील वैद्यांस पत्र लिहिलें. त्यांत विलाप नाहीं. दुखणें केव्हां लागलें, कोठें दुखतें, कोणत्या उपायानें किती उतार पडला, हें सारें, मूळव्याधीसुद्धां, लाज न धरितां लिहिलें आहे. आजचा डॉक्टरहि रोग्यास हेंच विचारतो.

आणि विचारण्यास कारण आहे. मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं म्हणजे कित्येक औषधें शरीराबाहेर नीट पडत नाहींत. बाजारांत सहज मिळणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मूत्रपिंडांस आणखी इजा करितात. मॉर्फीनचा अंश अंगांत सांचला तर रोग्यास गुंगी येते व हातपाय झटके देतात. म्हणून जाणता डॉक्टर दुसरें औषध निवडतो, किंवा मात्रा कमी करून दोन मात्रांमधील अंतर वाढवितो. रोग बरा होण्याजोगा नसला तरी वेदना पुष्कळ अंशीं शमवितां येते. पण ती सांगितल्यावांचून डॉक्टरास कळणार कशी?

काल्विन बरे झाले नाहींत. २ एप्रिल रोजीं, पुनरुत्थानाच्या सणीं, त्यांस उचलून मंदिरांत नेलें व त्यांनीं प्रभुभोजन घेतलें. भेटीस येणारे पुष्कळ. पण दम लागून बोलवेना, तेव्हां त्यांनीं विनंती केली कीं, येण्याऐवजीं आपणासाठीं प्रार्थना करावी. आजाऱ्याच्या खाटेभोंवतीं तासभर गाणारे आमचे कांहीं बंधु हें ध्यानांत घेतील काय? न्यूशातेलचे वृद्ध फारेल यांस येऊं नका म्हणून लिहिलें होतें, तरी ते आलेच. दोघे मित्र एकत्र जेवले, आणि दुसऱ्या दिवशीं फारेल परत गेले.

२७ मे १५६४ रोजीं संध्याकाळीं काल्विन प्रभूजवळ गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांस सर्वसाधारण दफनभूमींत पुरलें. वर दगड ठेविला नाहीं.